परक्या शहरात आपलेपणा : एक विचार

परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळवणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांचे सत्कार आता गावोगावी होतात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे, ज्यांच्या घरात पूर्वी कोणी पदवीधरही नव्हते अशी मुले सातासमुद्रापार पोहोचत आहेत. याचा आम्हांस सार्थ अभिमान वाटतो. मात्र व्हिसा, शुल्क आणि विमानभाडे यांची चिंता वाहणारे आपण एका प्रश्नाचा विचार क्वचितच करतो. त्या परक्या शहरात या मुलाला वा मुलीला आपले म्हणणारे कोण असेल?

इतिहासात याचा एक बोलका दाखला आहे. १९०९ साली न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर हॅरी एडमंड्स या गृहस्थांनी एका चिनी विद्यार्थ्याला सहज अभिवादन केले. या शहरात येऊन तीन आठवडे झाले, आपल्याशी बोलणारे तुम्हीच पहिले, असे त्या विद्यार्थ्याने सांगितले. एडमंड्स दांपत्याने मग परदेशी विद्यार्थ्यांना रविवारी आपल्या घरी जेवायला बोलावण्यास आरंभ केला. त्या घरगुती पंगतीतूनच १९२४ साली 'इंटरनॅशनल हाऊस' हे भव्य वसतिगृह उभे राहिले.

याच विद्यापीठात १९१३ साली बाबासाहेब बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर दाखल झाले. लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांचे सोबती झाले आणि ही मैत्री जन्मभर टिकली. १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी बाबासाहेब लंडनला निघाले, तेव्हा भथेनांनी त्यांना कर्जाऊ रक्कम दिली. उलट १९१७ साली बडोद्यास नोकरीसाठी गेले असता तेथील पारशी सराईतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. दोन्हीकडची माणसे एकाच समाजाची होती. एका ठिकाणी खोली, अभ्यास आणि अडचणी वाटून घेतल्या जात होत्या. दुसऱ्या ठिकाणी केवळ जात विचारली जात होती. आपलेपणा कशातून निर्माण होतो, हे यावरून कळावे.

आमचे मत असे आहे की, केवळ स्वागताने परका आपला होत नाही. पाहुण्याला पंगतीत मान मिळतो. परंतु घरच्या कामाला हात लागला म्हणजेच तो घरचा होतो. विद्यापीठांतील स्वयंसेवक गटांचे मोल येथे आहे. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०११ साली 'फूड रिकव्हरी नेटवर्क' सुरू केले. भोजनगृहात उरलेले चांगले अन्न भरायचे, त्याचे वजन नोंदवायचे आणि गरजूंपर्यंत पोहोचवायचे, असे हे काम. अशा कामात उच्चार अडखळला तरी बिघडत नाही. ठरल्या वेळी न आल्यास मात्र चौकशी होते. आपल्या न येण्याने कोणाचे तरी अडते, ही जाणीव एकाकी विद्यार्थ्याला मोठा आधार देते. शिवाय तेथील विद्यार्थी व्हिसावर पहिल्या वर्षी विद्यापीठाबाहेर पगारी नोकरी करता येत नाही आणि सत्र चालू असता विद्यापीठातही आठवड्याला २० तासांचीच मुभा असते. सेवाकार्याचे दार मात्र पहिल्या दिवसापासून उघडे असते.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक कारण आहे. परदेशात स्वदेशीयांचा मेळावा सर्वांनाच ऊब देतो असे नाही; तेथेही आडनावावरून जात चाचपली जाते. म्हणूनच ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ साली आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. असे नियम हवेतच. सेवागट हा त्यांना पर्याय ठरू शकत नाही. पण नियमाने अपमानाची दाद मागता येते, सोबत मिळत नाही. ती खांद्याला खांदा लावून केलेल्या कामातून मिळते.

कोणी म्हणेल, कर्ज काढून शिकायला गेलेल्याने अशा कामात वेळ का घालवावा? आम्ही म्हणतो, आठवड्यातले दोन तास त्याने अवश्य द्यावेत. एकाकीपणाने ग्रासलेले मन समोर उघडलेल्या ग्रंथातही रमत नाही, हे आम्ही शिक्षक म्हणून अनेक वर्षे पाहत आलो आहोत.

आणि या सवयीची सुरुवात परदेशात कशाला व्हायला हवी? जून महिन्यात आपल्या वसतिगृहात आईवडिलांपासून प्रथमच दूर आलेले मूलही तितकेच परके असते. त्याला नुसते 'रडू नकोस' म्हणून भागणार नाही. वाचनालयाच्या पुस्तकांची नोंद, बागेचे पाणी, भोजनगृहातील वाढप यांपैकी एखादी जबाबदारी पहिल्याच आठवड्यात थोरल्या विद्यार्थ्याच्या जोडीने त्याच्याकडे द्यावी. इथे ज्याला ही सवय जडेल, तो उद्या कोणत्याही देशात गेला तरी प्रथम काम शोधेल आणि त्या कामातच त्याला माणसे भेटतील.