रिसीव्हर, चार मते आणि आजींचे कान

नांदेडच्या नव्या मोंढ्यात अडतीचे दुकान असलेल्या एका श्रावक कुटुंबात मे महिन्याच्या भर उन्हाळ्यात दिवाणखान्यातील होम थिएटरचा रिसीव्हर बंद पडला. बंद पडला म्हणण्यापेक्षा अर्धा बंद पडला म्हणणे अधिक योग्य. आवाज येई, चित्र मात्र येईना. टी.व्ही.कडे चित्र पाठविणारा एचडीएमआयचा बोर्ड निकामी झाला होता. यंत्राचे वय आठ वर्षे, वजन दहा किलोच्या घरात. आणि अधिकृत दुरुस्ती केंद्राची चौकशी केली तेव्हा हैदराबादचे नाव सांगण्यात आले. तेथवर नेऊनही सुटा भाग मिळेलच, अशी हमी कोणी देईना.

रिसीव्हर ही दिवाणखान्यातील सर्वांत दुर्लक्षित वस्तू होय. सेट टॉप बॉक्सकडून वा अन्य उपकरणाकडून चित्र आणि ध्वनी घ्यावा, चित्र पुढे टी.व्ही.ला द्यावे, ध्वनीची पाच-सात भागांत वाटणी करावी आणि प्रत्येक स्पीकरला पुरेशी शक्ती पुरवावी, एवढे तिचे काम. चालते तोवर तिच्याकडे कोणी पाहत नाही. बंद पडली की मात्र ज्याच्या-त्याच्याजवळ तिच्याविषयी ठाम मत असते.

घरातील अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातवाने नव्या यंत्रासाठी नातलगांची मते गोळा केली. लातूरला गंजगोलाईत दुकान असलेल्या आतोबांकडे त्याच्या मनात भरलेले यंत्र चार वर्षांपासून होते. त्यांनी निःशंकपणे घ्यावयास सांगितले. हैदराबादच्या मावसभावाकडेही नेमके तेच यंत्र. त्याने कळविले की ते विलक्षण तापते, चित्रपट रंगात आला की आपोआप बंद होते, चुकूनही घेऊ नये. पुण्याच्या मामेभावाने अक्षय तृतीयेला त्याहून महाग यंत्र घेतले होते आणि त्याच्या मते त्याला तोड नव्हती. चौथे मत शेजारच्या दुकानदाराचे. त्यांनी आपला रिसीव्हर केव्हाच विकून टाकला होता.

नातू गोंधळला. काका मात्र गोंधळले नाहीत. मोंढ्यात तीस वर्षे सोयाबीन पाहिलेला माणूस भाव ऐकण्यापूर्वी पोत्यात परखी खुपसतो. ओलावा १२ टक्क्यांच्या आत आहे की नाही, माती किती, डागी दाणा किती, हे कळल्याखेरीज भावाला अर्थ नसतो. मतांचेही तसेच आहे, असे म्हणून काकांनी त्याला पुन्हा चौघांकडे विचारणा करावयास लावले. आणि काय विचारावयाचे, तेही सांगितले. कोणतेही विधान द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव यांच्या अपेक्षेने पाहावे, ही शिकवण त्यांनी पाठशाळेत घेतली होती. काळ्या पेटीला ती लागू पडेल, असे मात्र तोवर कोणास वाटले नसावे.

प्रथम क्षेत्र. हैदराबादचे यंत्र काचेची दारे असलेल्या बंद सागवानी कपाटात होते आणि त्याच्या पाठीवर सेट टॉप बॉक्स ठेवलेला होता. लातूरचे यंत्र उघड्या फळीवर, वर वीतभर मोकळी जागा, आणि वीज स्टॅबिलायझरमधून येणारी. ध्वनीला शक्ती देताना रिसीव्हर जी वीज घेतो तिचा मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ती उष्णता जाण्यासाठीच त्याच्या पाठीवर जाळी असते. जाळी झाकली की यंत्र स्वतःला वाचविण्यासाठी बंद होते. म्हणजे मावसभाऊ ज्याला दोष म्हणत होता तो खरे तर यंत्राचा संयम होता. एकाच वस्तूविषयीची दोन परस्परविरोधी मते, आणि दोन्ही खरी! मराठवाड्यातील उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, हे लक्षात घेता ही एक गोष्ट वॉटच्या आकड्यांपेक्षा महत्त्वाची ठरते.

वॉटच्या आकड्यांविषयी थोडे सांगावयास हवे, कारण व्यापाऱ्याला ते लगेच उमजेल. माहितीपत्रकावरील मोठा आकडा बहुधा एकच स्पीकर चालू ठेवून, एकाच स्वरावर आणि १० टक्क्यांपर्यंत विकृती चालवून घेऊन मोजलेला असतो. दोन स्पीकर, ऐकू येणारा संपूर्ण स्वरपट्टा आणि नाममात्र विकृती अशा अटींवर मोजलेला आकडा बारीक अक्षरांत असतो आणि तो पुष्कळच लहान असतो. पहिला आकडा म्हणजे ओल्या सोयाबीनचे वजन. पुण्याच्या मामेभावाने तोच सांगितला होता.

त्याच्या मतात कालाचीही उणीव होती. महिनाभर वापरलेल्या यंत्राविषयी मालक जे बोलतो, ते बहुतेक आनंदाचे बोलणे असते. त्यात भावाचाही भाग आलाच, कारण नुकतेच एवढे पैसे मोजलेल्या माणसाला आपल्या खरेदीत खोट दिसणे कठीण. दुसरीकडे फार जुने मतही तसेच्या तसे घेता येत नाही. जपानमधील नोबेओका येथील ज्या कारखान्यात ध्वनीयंत्रांसाठीच्या चिप तयार होत, त्याला २० ऑक्टोबर २०२० रोजी भीषण आग लागली. अनेक कंपन्यांना दुसऱ्या चिप घेऊन आतील रचना बदलावी लागली. त्यापूर्वीच्या यंत्राची स्तुती नंतरच्या यंत्राला लागू पडेलच असे नाही. तेथे द्रव्यच बदललेले असते. मालकाने कंपनीवर ठेवलेल्या भरवशाचेही तसेच. १९४६ साली ओसाका येथे सुरू झालेल्या ऑन्क्यो कंपनीने ध्वनीयंत्रांचा व्यवसाय २०२१ साली विकला आणि मे २०२२ मध्ये मूळ कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. नाव राहिले, पेढी बदलली. पेढी बदलली म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाचा सुटा भाग कोण देणार, हा प्रश्न व्यापाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाला अधिक कळेल?

राहिले शेजाऱ्यांचे मत. त्यांच्या घरी तीन रिमोट होते, आणि कोणता केव्हा दाबावयाचा हे त्यांच्या एका मुलाखेरीज कोणासही येत नव्हते. मुलगा शिकावयास बाहेरगावी गेला आणि रिसीव्हर विकला गेला. चारही मतांत हे सर्वांत प्रामाणिक.

ही चौकशी चालू असताना एके दिवशी आजी म्हणाल्या, “मला विचारलंच नाही कुणी. आवाज मोठा येतो रे बाळा, शब्द येत नाहीत.”

आजी ऐंशीच्या पुढे. दिवाणखान्यातील टी.व्ही. सर्वाधिक वेळ त्याच पाहत. सकाळी जिनवाणी चॅनेलवरील प्रवचन आणि चातुर्मासात तर दोन्ही वेळा. गुडघ्यांमुळे दररोज मंदिरात जाणे सुटले, तेव्हापासून प्रवचन त्यांच्यापर्यंत येण्याचा तोच एक मार्ग उरला होता. त्यांना ऐकू यावे म्हणून घरचे आवाज वाढवीत. वरच्या मजल्यावरील कुटुंब कुरकुर करी, आणि आजी तरीही ‘काय म्हणाले?’ असे विचारीत. हळूहळू त्यांनी तेही विचारणे सोडून दिले होते.

वयोमानाने कान जातात ते बहुधा उंच स्वरांपासून. ‘अ’, ‘आ’, ‘ओ’ हे स्वर ऐकू येत राहतात. स, श, त, क ही शब्दाला आकार देणारी व्यंजने पुसट होतात. आवाज सरसकट वाढविला तर घुमारा वाढतो, अर्थ वाढत नाही. नातवाने आजींची कानांची तपासणी करून घेतली, डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचविले. आणि मग तो घरातील स्पीकरकडे वळला. चित्रपटातील संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. या घरातील मधला स्पीकर टी.व्ही.खाली, नातवंडांच्या बक्षिसांच्या ढालींमागे दडलेला होता. शिवाय प्रवचन दोनच वाहिन्यांत येते. रिसीव्हरला तशी सूचना दिली तरच तो वक्त्याचा आवाज वेगळा काढून मध्यभागी आणतो. ती सूचना आठ वर्षांत कोणी दिलीच नव्हती.

जैन दर्शन शब्दाला आकाशाचा गुण मानीत नाही, पुद्गलाचा पर्याय मानते. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात तसे सांगितले आहे. शब्द पुद्गल असेल तर त्याच्या वाटेत ढाली उभ्या करणे कसे चालेल? स्थानकवासी परंपरेतील अनेक साधू-साध्वी आजही ध्वनिवर्धकाविना प्रवचन करतात. तेथे मंडपातील माणसे श्वास धरून ऐकतात, आणि वृद्धांना पुढे बसविले जाते. दिवाणखान्यात मात्र वृद्धांची खुर्ची कोपऱ्यात असते.

ढाली हलविल्या. आजींची खुर्ची मध्यभागी आली. मधल्या स्पीकरची पातळी थोडी वाढविली, सबवूफरची उतरविली; खालच्या पट्टीचा ध्वनी भिंतींतून सहज पार जातो, तेव्हा वरच्या मजल्यावरची कुरकुरही थांबली. हे सारे जुन्याच यंत्रावर केले होते, आणि त्यातूनच नातवाच्या ध्यानात आले की ध्वनीचे काम करणारा भाग शाबूत आहे. त्याने सेट टॉप बॉक्स थेट टी.व्ही.ला जोडला आणि टी.व्ही.तून एक ऑप्टिकल तार रिसीव्हरला दिली. चित्राला आता त्या मेलेल्या बोर्डाची गरजच उरली नाही. पुण्याहून लगेच आक्षेप आला की या तारेतून डॉल्बी अ‍ॅटमॉस येत नाही. ते खरेच आहे. परंतु अ‍ॅटमॉससाठी छताकडून ध्वनी आणणारे स्पीकर लागतात, आणि या घरात पाचच स्पीकर असून पाचही जमिनीलगत आहेत.

काकांनी गेल्या चातुर्मासात परिग्रहाची मर्यादा घेतली होती. तिची वही कपाटातून बाहेर काढावी लागली नाही, याचे त्यांना समाधान वाटले असावे. बोलून त्यांनी दाखविले नाही.

नातवाने मग नातलगांच्या गटावर आपले मत लिहिले: यंत्र आठ वर्षांचे, खोली १२ बाय १६ फूट, उघडी फळी, वर वीतभर जागा, स्टॅबिलायझर आहे, एचडीएमआय बंद, ऑप्टिकल चालू, आजींना प्रवचन कळते, चित्रपटातील गाणी कळत नाहीत आणि त्याविषयी त्यांची तक्रार नाही, पुढच्या मे महिन्यात पुन्हा कळवीन.