त्याची थकबाकी, तिचं सिबिल

घरकर्जाचा एक हप्ता चुकला की बँक त्याची नोंद पतमाहिती कंपनीकडे पाठवते आणि ती नोंद पुढे कित्येक वर्षं कर्जदाराची पाठ सोडत नाही. मुलांच्या पोटगीचे बारा हप्ते बुडवले तर? अशी नोंद कुठेच होत नाही. तो दुसऱ्या दिवशी मोटारसायकलसाठी कर्ज मागायला जाऊ शकतो आणि सिबिल स्वच्छ असलं तर ते त्याला मिळतंही. बँकेचा पैसा बुडवणारा थकबाकीदार, पण स्वतःच्या मुलांच्या ताटातलं बुडवणारा मात्र पत असलेला गृहस्थ!

हे कुणाच्या नजरचुकीने घडलेलं नाही. पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ साली झाला. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने आज अशा चार कंपन्या चालतात. त्यांना माहिती पुरवतात बँका, पतपुरवठा कंपन्या, कर्ज देणाऱ्या संस्था. कोर्टाचा पोटगीचा हुकूम त्या यादीत येत नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी बँक ही धनको, सावकारी कंपनीही धनको. पण मुलांना एकटीने वाढवणारी आई कुणाचीच धनको नाही.

मात्र याच वहीत तिचं नाव ऋणको म्हणून सहज चढतं. आमच्या केंद्रात सल्ल्याला आलेल्या एका बाईची हकिकत सांगते. संसार सुरू होता तेव्हा फ्लॅटसाठी कर्ज काढलं. नवऱ्याने सांगितलं म्हणून हिनेही सहकर्जदार म्हणून सह्या केल्या. पुढे त्याने हिला दोन मुलांसह घराबाहेर काढलं, आणि हप्ते भरणंही थांबवलं. शिलाईचं दुकान टाकावं म्हणून ही एका बँकेत गेली, तर साहेबांनी संगणक तिच्याकडे वळवला: "तुमच्या नावावर थकबाकी दिसते." त्या दिवशी कोर्टाने ठरवलेली तिची पोटगी चौदा महिन्यांची थकलेली होती. त्याने बँकेचं बुडवलेलं हिच्या नावावर चढलं, त्याने हिचं बुडवलेलं मात्र कुठेच चढलं नाही.

दुरुस्तीची सोय आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. अहवालात चूक असेल तर तक्रार करता येते, आणि ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. पण या बाईच्या अहवालात कंपनीच्या लेखी चूक नाहीच! सही तिची आहे, कर्ज थकलेलं आहे, नोंद बरोबर आहे. अन्याय इतका नीटनेटका लिहिलेला असला की त्याला दुरुस्तीचा अर्ज चालत नाही.

आता पोटगीचा हिशेब पाहू. तो कोण ठेवतं? बाई ठेवते. शाळेच्या जुन्या वहीत, बँकेच्या पासबुकात, नाहीतर डोक्यात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं, त्यात थकबाकीसाठी वॉरंट काढता येतं, कैदही होऊ शकते. पण रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तरच. त्या बाईचे चौदा महिने थकले, त्यातले पहिले दोन या वाटेने गेलेच. वही तिने ठेवायची, मुदत तिने मोजायची, तक्ता तिने करायचा, वकिलाची फी तिने भरायची.

आणि समोरून काय येतं? "मी रोख दिले होते." "मुलाची फी भरली, ती वजा करा." "हे आठ हजार या महिन्याचे." (की दीड वर्षापूर्वीचे?) घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली एक रक्कम, पोटगीच्या अर्जावर दुसरी, कुठली कुठल्यात धरायची यावर आणखी चार तारखा जातात. या चुका म्हणायच्या की चुकांचा आव? प्रत्येक गोंधळाचा फायदा एकाच बाजूला कसा जातो, हे आपण विचारायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोघांनीही मिळकत आणि कर्जं शपथपत्रावर सांगावीत, असं बंधन घातलं. चांगलंच झालं. पण नवरा त्याच शपथपत्रात घरकर्जाचा हप्ता दाखवून पोटगी कमी करून मागतो, आणि नंतर तो हप्ताही भरत नाही, तेव्हा त्याला जाब कोण विचारतं?

म्हणून काही मैत्रिणी म्हणतात, पोटगी थकली की टाका त्याच्या सिबिलवर. त्यांचा राग मला समजतो. पण ज्या देशात हे केलेलं आहे तिकडे जरा बघू या. अमेरिकेत १९८४ पासून टप्प्याटप्प्याने कायदे होऊन मुलांच्या पोटगीची थकबाकी पतअहवालात जाते. १९९६ च्या कायद्याने प्रत्येक राज्यात पोटगी गोळा करणारा आणि वाटणारा एक विभाग उभा करायला लावला, आणि नोंद पाठवण्याआधी बापाला नोटीस व हरकत घेण्याची संधी बंधनकारक केली. तरीही चुका होतात. मालकाने पगारातून कापलेली रक्कम वेळेत जमा होत नाही. आईच्या हातात दिलेले पैसे विभागाच्या खात्यात दिसत नाहीत. असा बाप हरकत घेऊ शकतो. पण फेडलेलं नसताना फेडल्याची नोंद झाली, तर आईने काय करायचं? अहवाल त्याचा, दुरुस्तीचा हक्कही त्याचाच. तिने विभागाचे उंबरे झिजवायचे. शिवाय ती सरकारी मदतीवर असेल तर पोटगीचा हक्कच सरकारकडे वर्ग होतो; बापाकडून वसूल झालेलं बरंचसं सरकारच ठेवून घेतं. म्हणजे अहवालात नाव आलं म्हणून मुलाच्या ताटात भाकरी येतेच असं नाही.

तेव्हा शिक्षेच्या आधी हिशेब मागा. ज्या हुकुमाची खातेवहीच नाही, त्याची थकबाकी पतअहवालात टाकली तर पहिल्याच हरकतीला ती नोंद पडेल, आणि खोटी ठरेल ती बाईच.

आपल्या मागण्या अशा असाव्यात. प्रत्येक पोटगीच्या हुकुमाचं कोर्टाने खातं उघडावं. रक्कम त्यातूनच किंवा त्यात नोंद होऊन तिला मिळावी. दर महिन्याचा उतारा दोघांनाही फुकट मिळावा. कोणती रक्कम कोणत्या महिन्याची, याचा नियम लेखी असावा. रोख दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी देणाऱ्यावर असावी. थकबाकीसाठी दर वेळी नवा अर्ज नको. खात्यावरून कोर्टानेच नोटीस काढावी. वेगळ्या राहणाऱ्या बाईच्या अर्जावर कोर्टाने सहकर्जाची जबाबदारी ठरवावी, आणि तो हुकूम बँकेने तिच्या पतअहवालात नोंदवावा. एवढं झाल्यावर पोटगीची थकबाकी त्याच्या अहवालात खुशाल जाऊ द्या. पण नोंद तपासण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क आईलाही हवा.

कायदा बदलेपर्यंत गटांनी हातावर हात ठेवून बसू नये. पोटगीच्या प्रत्येक केसमध्ये महिनावार तक्ता आपण पहिल्या दिवसापासून ठेवू या. अकरावा महिना उलटण्याआधी वसुलीचा अर्ज गेला पाहिजे. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पतअहवाल फुकट मिळतो. सल्ल्याला येणाऱ्या प्रत्येक बाईला तो काढून द्या, तिच्या नावावर कोणती कर्जं आहेत ते तिला वाचून दाखवा. कितीतरी जणींना आपण कुणाचे जामीनदार आहोत हे तिथेच पहिल्यांदा कळेल.

पोटगी ही दया नाही, हे आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. आता पुढचं सांगू या: ते देणं आहे, आणि देण्याला वही लागते.