वर्षाव या शब्दाची अट

‘उल्कावर्षाव’ या शब्दातच अतिशयोक्तीची सोय आहे. वर्षाव म्हटला की धारा आठवतात. मग डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतला वर्षाव पाहायला हरिश्चंद्रगडावर प्रथमच गेलेला माणूस पाच मिनिटे रिकामे आकाश पाहून विचारतो, ‘हाच का तो?’

माझ्या मते दोष शब्दाचा नाही. या वर्षावाचा कमाल दर ताशी सुमारे १५० उल्का असा सांगितला जातो. पण हा आकडा दोन अटींवर उभा आहे. ज्या बिंदूतून उल्का फुटताना भासतात तो थेट डोक्यावर हवा, आणि साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे नुसत्या डोळ्यांना दिसतील इतके आकाश काळे हवे. पहिली अट सह्याद्रीत निसर्गच जवळजवळ पुरी करतो: रात्री दोनच्या सुमारास पुनर्वसूचे तारे माथ्याजवळ येतात आणि तो बिंदू त्यांच्यालगतच असतो. दुसरी अट मात्र सर्वस्वी माणसाच्या हाती आहे. १४२४ मीटर उंचीच्या या गडावरूनही क्षितिजाशी शहरांचा उजेड जाणवतो. त्यात तंबूंपुढच्या शेकोट्या आणि विजेऱ्या. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. एका विजेरीच्या झोताने ती मेहनत वाया जाते.

साहित्याच्या अभ्यासकांनी याची चिंता का करावी? वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त उल्कालक्षणांना स्वतंत्र अध्याय दिला. त्याची शकुनकल्पना आज आपण मानत नाही, पण त्यामागचे आकाश साऱ्यांच्या अनुभवाचे होते. आज वर्गात ‘आकाशगंगा’ शब्द आला की आपण अर्थ सांगतो आणि पुढे जातो. ती पाहिली आहे का, असे विचारले तर फार थोडे हात वर होतात. शब्द टिकतो, त्याच्या मागची वस्तू नजरेआड होते, आणि मग कवी उगाच भारावलेला वाटू लागतो.

लडाखमधील हान्ले येथे २०२२ साली, तर आपल्याकडील पेंच व्याघ्र प्रकल्पात २०२४ साली अंधाऱ्या आकाशाला संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. सह्याद्रीतील दुर्गम माथ्यांसाठीही तशीच मागणी व्हायला हवी, आणि ती केवळ खगोलप्रेमींनी करून भागणार नाही. हस्तलिखिते जपण्याचा आग्रह धरणाऱ्या भाषाविभागांनी, ती ज्या रात्रींविषयी बोलतात त्या रात्रींसाठीही एक अर्ज लिहावा.