गजकर्ण : टाकळा बरा की मेडिकलची ट्यूब?

पावसाळ्यात ओले कपडे अंगावरच वाळतात आणि जांघेत, कमरेला, काखेत खाजरे गोल चट्टे उठू लागतात. यालाच आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो. हा रक्तदोष नव्हे की अंगातील उष्णता नव्हे. ही कातडीवर वाढणारी बुरशी आहे. टॉवेल, कपडे आणि अंथरूण यांतून ती घरभर पसरते.

खेड्यातून येणाऱ्या बहुतेक रुग्णांनी आधी झाडपाला लावलेला असतो. त्याला हसण्याचे कारण नाही. टाकळा, म्हणजेच विदर्भातील तरोटा, याचे एक संस्कृत नावच 'दद्रुघ्न', म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा, असे आहे. त्याच्या बियांचा अर्क प्रयोगशाळेत बुरशीची वाढ रोखतो, असेही आढळले आहे. परंतु काचेच्या बशीतील बुरशी वेगळी आणि माणसाच्या कातडीतील वेगळी. एखादा लहान, नवा चट्टा असेल तर आठवडाभर टाकळा लावून पाहण्यास माझी हरकत नाही. आग झाली तर मात्र लगेच धुऊन टाकावा. बिब्बा, रुईचा चीक व वाटलेला लसूण कधीही लावू नये. त्यांनी कातडी भाजते व जखम चिघळते.

माझी खरी तक्रार झाडपाल्याविरुद्ध नाही. ती चिठ्ठीशिवाय विकत घेतलेल्या ट्यूबविरुद्ध आहे. अशा अनेक ट्यूबांत बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत खाज थांबते, रुग्ण खूश होतो. पण बुरशी मरत नाही, उलट फोफावते. जांघेतील कातडी पातळ होऊन कायमचे वळ पडतात. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. तरीही ती सर्रास मिळतात. त्यातच टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला अनेकदा दाद न देणारी बुरशी आपल्या देशात पसरली आहे. २०२० साली शास्त्रज्ञांनी तिला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव दिले.

मग करावे काय? अंग कोरडे ठेवावे, सैल सुती कपडे घालावेत. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा. घरात ज्यांना चट्टे आहेत त्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. डॉक्टरांनी दिलेले औषध चट्टा दिसेनासा झाला तरी त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवावे. गजकर्ण वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासावी. चट्टा बधिर असेल तर एक दिवसही न दवडता सरकारी दवाखाना गाठावा. तो कुष्ठरोग असू शकतो, आणि त्यावर तेथे मोफत व खात्रीचा उपचार आहे.

आजीचा टाकळा फार तर आठ दिवस वाया घालवील. शेजाऱ्याने सुचवलेली ट्यूब वर्ष वाया घालवते. दुकानदाराकडून औषध जरूर घ्यावे, सल्ला मात्र घेऊ नये.