घराची वही

दीपावलीला भगवान महावीरांचा निर्वाणोत्सव साजरा होतो, दुसऱ्या दिवशी वीर निर्वाण संवत पालटते आणि पेढीवर नवी वही उघडली जाते. दुकानातील शेवटच्या नगापर्यंत हिशेब ठेवणाऱ्या आपल्या समाजात घराची वही मात्र क्वचितच आढळते. कपाटात कोणते दागिने आहेत, फ्रीज कोणत्या वर्षी घेतला, माळ्यावर किती भांडी आहेत, असे कोणी विचारले तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने सांगली-कोल्हापूरकडील कित्येक कुटुंबांना हाच प्रश्न विचारला. आमच्या सांगलीच्या आत्यांच्या घरी पाणी ओसरल्यावर विमा सर्वेक्षक आले, तेव्हा काय काय गेले हे सारे घर आठवू लागले. शिलाई यंत्र आणि धान्याची कोठी आठवली ती दावा दाखल करून झाल्यावर. खरेदीची बिले तर त्याच पुरात गेली होती.

म्हणून एखाद्या रविवारी घरातील सर्वांनी मिळून ही वही लिहावी. एकेक खोली घ्यावी. वस्तू, खरेदीचे वर्ष, किंमत आणि यंत्रावरील क्रमांक लिहावा. कपाटे उघडून मोबाईलवर चित्रण करावे. दागिन्यांचे वजन, शुद्धता आणि अलीकडच्या दागिन्यांवरील हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक नोंदवावा. बिलांची छायाचित्रे काढावीत. वहीची एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक परगावच्या विश्वासू नातलगाकडे असावी. घरातच ठेवलेली एकमेव प्रत घराबरोबरच जाते.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाच्या आदेशाने ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. तीत इमारत व सामान या दोहोंचा विमा घेतल्यास, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, सर्वसाधारण सामानाचा समावेश आपोआप होतो. त्याहून अधिक रकमेसाठी सामानाचा तपशील द्यावा लागतो. दागिने व कलावस्तू यांसाठी वेगळे ऐच्छिक संरक्षण घ्यावे लागते. आग, पूर, भूकंप यांसारख्या आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरी तीत येते. एरवीच्या घरफोडीसाठी निराळा विमा हवा. हस्तलिखिते मात्र या पॉलिसीत, विशेष उल्लेख केल्याखेरीज, धरली जात नाहीत. पणजोबांच्या हातची शास्त्राची पोथी घरात असेल, तर तिच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र आजच काढून ठेवावे. तिची भरपाई कोणत्याही रकमेने होणार नाही.

यादी लिहिताना एक पथ्य पाळावे. जे नाही ते लिहू नये आणि जुन्याला नवे म्हणू नये. खोट्या नोंदीने दावा नाकारला जाऊ शकतो, हे तर खरेच. पण त्याआधी सत्याणुव्रताला बाध येतो.

आणि अशी यादी करणे आपल्याला नवीन कोठे आहे? परिग्रहपरिमाण व्रत घेणारा श्रावक शेत, घर, सोने-रुपे, धन-धान्य, भांडी-वस्त्रे यांची मर्यादा ठरवतो. आपल्याजवळ काय आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो मर्यादा कशाची घालणार? विम्यासाठी वही लिहू लागलो की तिसऱ्या खोलीपाशीच लक्षात येते, की कित्येक वस्तू वर्षानुवर्षे कोणी हाताळलेल्याच नाहीत. त्यांच्यापुढे एक खूण करावी. त्या गरजूंच्या हाती पोहोचल्या की नावे खोडावीत.

विमा गेलेल्या वस्तूचे मोल देतो. काय राखावे आणि काय सोडावे, हे मात्र वहीसमोर बसून आपणच ठरवायचे असते. येत्या दिवाळीला पेढीच्या वहीशेजारी घराचीही एक वही असू द्यावी.

जय जिनेंद्र.