‘मैत्रिणीसाठी विचारतेय’ म्हणणारीला उत्तर द्या

इंग्रजीत एक वाक्य हल्ली फार चालते: ‘आस्किंग फॉर अ फ्रेंड’. शिकल्यासवरल्या मंडळींनी ते थट्टेवारी नेले आहे. आपलीच भानगड मित्राच्या नावावर खपवायची, डोळा मिचकवायचा आणि सगळ्यांनी हसायचे.

आमच्या निर्मळ परिसरात बाया हेच वाक्य मराठीत बोलतात, आणि त्यात हसण्यासारखे काही नसते. “ताई, माझी एक मैत्रीण आहे. नवरा मारतो तिला. ती घरातून निघाली तर मुलं तिला मिळतील का?” इथे निम्मी आळी नात्यातली. चर्चमध्ये, देवळात, बाजारात, कार्तिकातल्या जत्रेत तीच माणसे भेटतात. सकाळचा शब्द संध्याकाळी सासूच्या कानावर जातो. अशा ठिकाणी ‘मैत्रीण’ हा बाईचा आडोसा असतो. “मैत्रीण म्हणजे तूच ना?” असे विचारून काही कार्यकर्त्या तोच आडोसा काढून घेतात. मग ती बाई पुन्हा फिरकत नाही.

काहीजणी म्हणतात, मौन तोडायला शिकवणारी आपली चळवळ, तिने आडून बोलण्याला खतपाणी का घालावे? पण मौन कधी तोडायचे हे जिच्या पाठीवर वळ आहेत तिने ठरवायचे. नाव सांगून त्याच घरी परत जायचे असते ते तिला, आपल्याला नव्हे.

आणि दुसरीसाठी विचारणे म्हणजे भित्रेपणा, हे कोणी ठरवले? मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा १९७९ मध्ये वसुधा धागमवार, लतिका सरकार, उपेंद्र बक्षी आणि रघुनाथ केळकर यांनी न्यायालयाला खुले पत्र लिहून जाब विचारला. १९८० साली बायका रस्त्यावर उतरल्या, १९८३ साली कायदा बदलला. दुसरीसाठी विचारण्यातूनच आपण उभ्या राहिलो.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानेही हे मानले आहे. कलम ४ प्रमाणे हिंसेची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही देऊ शकते, आणि सद्‌हेतूने दिली तर देणारीवर कारवाई होत नाही. कलम १२ प्रमाणे पीडित बाईच्या वतीने दुसरी व्यक्ती न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते.

तेव्हा मैत्रिणींनो, नाव विचारू नका. प्रश्न पुरता ऐका आणि उत्तर पुरते द्या. कायद्याची रीत सोडून तिला राहत्या घरातून काढता येत नाही. मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो. हातात कागद देऊ नका, तो घरी सापडतो. हेल्पलाइनचा १८१ हा आकडा तोंडपाठ करून घ्या. आणि निघताना सांगा, “मैत्रिणीला म्हणावं, केंद्र उघडं आहे. स्वतः ये, नाहीतर पुन्हा हिलाच पाठव.”