तेल खाणारे जिवाणू आणि बाजारातली मासळी

मे २०२५ मध्ये कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज बुडालं. त्याच्या टाक्यांत सुमारे ३६७ टन फर्नेस ऑइल होतं. बातमी ऐकली आणि मला २०१० चा ऑगस्ट आठवला. ७ तारखेला मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलीजिया’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं, रायगडकडची खारफुटी काळी झाली. लोक मासळी घेईनात. पाटी घेऊन बसणाऱ्या कोळणींचा धंदाच बसला.

तेव्हा सफाईसाठी ‘टेरी’ या संस्थेचं ‘ऑइलझॅपर’ आणलं गेलं. म्हणजे तेल खाणारे जिवाणू, मक्याच्या कणसाच्या भुकटीत मिसळलेले. ऐकायला जादूच वाटते, हो ना? पण असे जिवाणू समुद्रात मुळातच असतात. विरजण आहेच म्हणा ना! फक्त दही लागायला ऊब लागते, तशी या जिवाणूंना हवा लागते, आणि तेलाच्या जोडीला नत्र आणि स्फुरद. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन वाल्डीझ’ जहाजातून सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यावर चक्क खत फवारलं. तिथलेच जिवाणू जोमाने वाढले आणि तेल लवकर विरू लागलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. २००१ मध्ये त्याच किनाऱ्यावर खणून पाहिलं, तर खडीखाली तेल तसंच! तिथे हवाच पोचत नव्हती. आपल्या खारफुटीचा चिखलही असाच, वीतभर खाली हवा नाही. त्यात जहाजाचं इंधन जाड, डांबरासारखं. त्यातला जड भाग जिवाणूंनाही सहज पचत नाही.

तुपकट पातेलं आपण थेट साबणात बुडवत नाही, आधी निपटून घेतो. तसंच तेल आधी पंपांनी, बादल्यांनी उचलायला हवं. जिवाणूंचं काम त्यानंतरचं, आणि तेही आठवड्या-महिन्यांचं. भुकटी टाकतानाचा फोटो मात्र पेपरात लगेच छापून येतो.

म्हणून पुढच्या वेळी ‘जिवाणू सोडले’ असं कुणी सांगितलं, तर मी आधी विचारणार, तेल उचललं किती? मासळी तपासली कुणी? आणि ती खायला चालेल की नाही, हे बाजारात येऊन त्या कोळणीला आणि तिच्या गिऱ्हाइकाला सांगणार कोण?